टियानाच्या नैसर्गिक केसांविषयीचे तर्क

टियानाच्या नैसर्गिक केसांविषयीचे तर्क म्हणजे 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' (इ.स. २००९) या अमेरिकन ॲनिमेशनपटाची नायिका टियाना हिच्या केसांचा मूळ पोत कसा असावा, याबद्दल चाहत्यांनी मांडलेली अनुमाने होत. टियाना ही वॉल्ट डिझ्नी ॲनिमेशन स्टुडिओजच्या चित्रपटांतील पहिली कृष्णवर्णीय राजकन्या आहे. चित्रपटात ती बहुतेक प्रसंगी केस मागे घेऊन बांधलेल्या स्थितीत दिसते आणि केसांच्या प्रकाराचा उल्लेख संवादांत येत नाही. त्यामुळे ते मुळात घट्ट वळ्यांचे असून तापवलेल्या फणीने सरळ केलेले आहेत, की जन्मतःच सैल कुरळे आहेत, की घट्ट वळ्यांचे केसच केवळ नीट विंचरून बांधलेले आहेत, असे भिन्न तर्क पुढे आले. काल्पनिक व्यक्तिरेखेच्या केसांविषयीचा हा वाद वरकरणी करमणुकीचा वाटतो. तथापि, अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांवर कायदा, शाळा आणि नोकरीची ठिकाणे यांनी वेळोवेळी घातलेल्या बंधनांमुळे त्याला सामाजिक आशय प्राप्त झाला आहे. इ.स. २०१८ मध्ये 'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट' या चित्रपटातील टियानाच्या रूपावर आक्षेप घेतले गेले आणि निर्मात्यांनी ते बदलले, तेव्हा या आशयाची व्यापक चर्चा झाली.

चित्रपट आणि व्यक्तिरेखा

'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' हा रॉन क्लेमेंट्स व जॉन मस्कर यांनी दिग्दर्शित केलेला, हाताने रेखाटलेल्या चित्रांचा चित्रपट आहे. त्याचे कथानक ग्रिम बंधूंच्या संग्रहातील बेडूक-राजपुत्राच्या कथेवर आणि ई. डी. बेकर यांच्या 'द फ्रॉग प्रिन्सेस' या कादंबरीवर सैलपणे आधारलेले आहे. कथा लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात, इ.स. १९२० च्या दशकात घडते. टियाना ही शिवणकाम करणाऱ्या यूडोराची आणि कष्टकरी जेम्सची मुलगी. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचे उपाहारगृहाचे स्वप्न पूर्ण करण्यासाठी ती वेट्रेसची कामे करून पै-पै साठवते. न्यू ऑर्लिन्समधील विख्यात पाककुशल लिआ चेस (१९२३–२०१९) यांच्या जीवनातून या व्यक्तिरेखेला प्रेरणा मिळाली.

टियानाला आवाज दिला तो अनिका नोनी रोझ यांनी. त्या स्वतः डावखुऱ्या असून टियानाही डावखुरी असावी, अशी त्यांची सूचना निर्मात्यांनी स्वीकारली. यूडोराचा आवाज ओप्रा विन्फ्री यांचा आहे. टियानाच्या रेखाटनाची प्रमुख जबाबदारी ॲनिमेटर मार्क हेन यांच्याकडे होती.

चित्रपट तयार होत असतानाच तो वादाच्या भोवऱ्यात सापडला होता. नायिकेचे मूळ नाव मॅडी असे होते व ती मोलकरीण दाखवली जाणार होती. त्यावर टीका झाल्यावर इ.स. २००७ मध्ये नाव, व्यवसाय आणि चित्रपटाचे शीर्षकही बदलण्यात आले. त्यामुळे टियानाच्या रूपातील बारीकसारीक तपशीलही प्रेक्षकांनी प्रारंभापासून बारकाईने पाहिले.

पडद्यावरील पुरावा

तर्कांसाठी उपलब्ध असलेला दृश्य पुरावा मर्यादित आहे. त्याची तीन कारणे सांगितली जातात.

पहिले कारण कथानकातच आहे. राजपुत्र नवीन याचे चुंबन घेतल्यावर टियाना बेडकी होते आणि चित्रपटाचा मोठा भाग त्याच रूपात वावरते. पहिली कृष्णवर्णीय राजकन्या पडद्यावर बराच काळ मानवी रूपात दिसतच नाही, हा या चित्रपटावरील एक प्रमुख आक्षेप आहे. केसांच्या चर्चेत हीच अडचण येते, कारण बेडकीला केस नसतात.

दुसरे कारण केशरचनेचे. वेट्रेसच्या पोशाखात टियानाचे केस मागे अंबाड्यासारखे बांधलेले असतात. मेजवानीच्या आणि विवाहाच्या प्रसंगी ते वर घेऊन त्यांवर मुकुट चढवलेला असतो. बांधलेल्या केसांवरून त्यांची लांबी किंवा वळ्यांचा घट्टपणा नेमका ओळखता येत नाही. कपाळावर व कानांजवळ उतरणाऱ्या काही मोकळ्या बटा लहरदार दिसतात. चाहत्यांचे बरेचसे विवेचन या बटांभोवती फिरते.

तिसरे कारण तंत्राचे. हाताने रेखाटलेल्या ॲनिमेशनमध्ये केस हा एकसंध आकार मानून त्याची बाह्यरेषा काढली जाते आणि आत मोजक्याच रेषा व प्रकाशाचे पट्टे भरले जातात. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चित्रात शेकडो बारीक वळी काढणे आणि पुढच्या चित्रात ती त्याच जागी राखणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे रेखाचित्रातील गुळगुळीतपणा हा केसांचा गुण आहे की रेषेची सोय, हे केवळ चित्राकडे पाहून ठरवता येत नाही. याच चित्रपटातील टियानाच्या स्वप्नातील उपाहारगृहाचे गीत हार्लेम प्रबोधनकाळातील चित्रकार आरन डग्लस यांच्या शैलीवरून सपाट आकारांत रंगवले आहे. तेथे तर केसांचा पोत दाखवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

केसांचा पोत व वर्गीकरण

केस सरळ असावा की कुरळा, हे मुख्यतः त्वचेतील केशकूपाच्या आकारावर अवलंबून असते. सरळ कूपातून येणारा केस बहुधा सरळ वाढतो. कूप वक्र असेल तर केस वळत वाढतो व त्याचा आडवा छेद लंबवर्तुळाकार असतो. या गुणधर्मावर एकाहून अधिक जनुकांचा प्रभाव असल्याने एकाच घरातील भावंडांचे केसही भिन्न पोताचे असू शकतात.

चाहत्यांच्या चर्चेत केशभूषाकार आंद्रे वॉकर यांची वर्गीकरणपद्धती सर्रास वापरली जाते. तीत १ म्हणजे सरळ, २ म्हणजे लहरदार, ३ म्हणजे कुरळे आणि ४ म्हणजे घट्ट वळ्यांचे केस असे चार मुख्य प्रकार असून त्यांचे ए, बी, सी असे उपप्रकार केले जातात. '४सी' हा सर्वांत घट्ट वळ्यांचा उपप्रकार मूळ मांडणीत नव्हता, तो नंतर वापरकर्त्यांनी जोडला. वॉकर हे अनेक वर्षे ओप्रा विन्फ्री यांचे केशभूषाकार होते. टियानाच्या आईला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीच्या केशभूषाकाराचीच मोजपट्टी टियानाच्या केसांना लावली जावी, हा एक योगायोग होय. ही पद्धती सरळ केसांपासून सुरू होऊन घट्ट वळ्यांच्या केसांपाशी संपते. त्यामुळे ती नकळत उतरंड सुचवते, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो.

प्रमुख तर्क

१. तापवलेल्या फणीचा तर्क

या तर्कानुसार टियानाचे केस मुळात घट्ट वळ्यांचे, म्हणजे चौथ्या प्रकारचे असून ते तापवलेल्या धातूच्या फणीने सरळ केलेले आहेत. याचा मुख्य आधार कथेचा काळ हा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केशप्रसाधनाचा व्यवसाय अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वाढला. ॲनी टर्नबो मलोन आणि मॅडम सी. जे. वॉकर या त्यातील अग्रगण्य उद्योजिका होत. मॅडम वॉकर यांचे मूळ नाव सेरा ब्रीडलव्ह असून त्यांचा जन्म इ.स. १८६७ मध्ये लुईझियानातीलच डेल्टा या गावी झाला. तापवलेल्या फणीचा शोध त्यांनी लावला, हा समज चुकीचा आहे. अशी उपकरणे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये प्रचलित होती. वॉकर यांच्या प्रसाधनपद्धतीने तिचा वापर कृष्णवर्णीय समाजात रूढ होण्यास मात्र हातभार लावला.

या तर्कावर असा प्रतिवाद केला जातो, की उपाहारगृहासाठी डब्यांत नाणी साठवणारी टियाना केशप्रसाधनावर खर्च करणार नाही. त्यावर समर्थकांचे उत्तर असे, की हे काम बहुधा घरीच स्वयंपाकघरातील चुलीवर फणी तापवून केले जाई आणि त्याला फारसा खर्च येत नसे. आफ्रिकी-अमेरिकी बोलीत मानेवरच्या सर्वांत घट्ट वळ्यांच्या केसांना 'किचन' असेच म्हणतात.

दुसरा आक्षेप हवामानाचा आहे. उष्णतेने केसातील हायड्रोजन बंध तात्पुरते मोडतात व केस सरळ होतो. पाणी किंवा दमट हवा लागताच ते बंध पूर्ववत जुळतात व वळी परत येतात. न्यू ऑर्लिन्सची हवा दमट आहे आणि कथेचा मोठा भाग दलदलीत घडतो. मग विवाहप्रसंगी दलदलीतच मानवी रूप परत मिळालेल्या टियानाचे केस सुबक बांधलेले कसे, असे विचारले जाते. तथापि, त्या क्षणी तिच्या अंगावर राजवस्त्रे व मस्तकावर मुकुटही जादूनेच येतात. त्यामुळे तो प्रसंग कोणत्याच बाजूचा पुरावा ठरत नाही.

२. क्रिओल वंशाचा तर्क

दुसऱ्या तर्कानुसार टियानाचे केस जन्मतःच सैल कुरळे, म्हणजे तिसऱ्या प्रकारचे आहेत. न्यू ऑर्लिन्समध्ये आफ्रिकी, फ्रेंच व स्पॅनिश वंशधारांच्या मिश्रणातून क्रिओल समाज घडला. टियानाचे कुटुंब त्या समाजातील असावे, असे हा तर्क मानणारे म्हणतात. कपाळावरील लहरदार बटा हा त्यांचा मुख्य दाखला असतो.

या तर्काच्या मर्यादा दोन आहेत. एक म्हणजे कुटुंबाचा वंश चित्रपटात सांगितलेला नाही. शहरावरून कुटुंबाचा वंश ठरवता येत नाही, कारण न्यू ऑर्लिन्समध्ये क्रिओल नसलेला कृष्णवर्णीय समाजही मोठा होता. दुसरे म्हणजे क्रिओल कुटुंबांतही केसांचे सर्व प्रकार आढळतात. या तर्कावरील गंभीर आक्षेप वेगळाच आहे. नायिका सुंदर आहे म्हणून तिचे केस सैल वळ्यांचेच असणार, असे गृहीतक त्यामागे दडलेले असू शकते, असे टीकाकार म्हणतात. कृष्णवर्णीय समाजात त्वचेच्या उजळपणाप्रमाणेच केसांच्या पोतावरून होणाऱ्या भेदभावाशी हे गृहीतक जुळणारे आहे.

३. केवळ बांधणीचा तर्क

तिसऱ्या तर्कात केस सरळ केल्याचे मानण्याची गरजच नाकारली जाते. घट्ट वळ्यांचे केस पाणी व तेल लावून विंचरले आणि ताणून मागे बांधले, की डोक्यालगतचा भाग गुळगुळीत दिसतो व वळी फक्त अंबाड्यात उरतात. स्वयंपाकघरात व वाढपाच्या कामात केस बांधून ठेवणे आवश्यकच असते. त्या काळची फॅशन आखूड कापलेल्या केसांची होती. सेंट लुईसमध्ये जन्मलेली आणि पॅरिसमध्ये गाजलेली नर्तकी जोसेफिन बेकर ही डोक्याला चिकटवलेल्या आखूड केसांसाठी प्रसिद्ध होती. टियाना मात्र फॅशनच्या मागे न लागता केस बांधून कामाला लागते आणि हे तिच्या स्वभावाशी सुसंगत आहे, असे या तर्काचे पुरस्कर्ते म्हणतात. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रापलीकडे सर्वांत कमी गोष्टी गृहीत धरणारा तर्क हाच आहे.

ऐतिहासिक संदर्भ

टियानाच्या शहराला केसांच्या नियमनाचा दीर्घ इतिहास आहे. लुईझियाना स्पेनच्या ताब्यात असताना गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी इ.स. १७८६ मध्ये एक फर्मान काढले. त्यानुसार गुलामगिरीत नसलेल्या कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रियांना केसांत पिसे किंवा दागिने माळण्यास मनाई करण्यात आली व केस रुमालाने झाकणे बंधनकारक झाले. या शिरोवस्त्राला 'टिन्यॉन' म्हणत. स्त्रियांची केशभूषा व राहणी गोऱ्या समाजाच्या डोळ्यांत खुपत होती आणि त्यांचा सामाजिक दर्जा नजरेला स्पष्ट दिसावा, हा या फर्मानामागील हेतू होता. स्त्रियांनी रंगीबेरंगी, उंची वस्त्रांचे टिन्यॉन कलात्मक रीतीने बांधून या बंधनाचेच अलंकारात रूपांतर केले. इ.स. १८०३ मध्ये लुईझियाना अमेरिकेकडे आल्यानंतर या फर्मानाची अंमलबजावणी उरली नाही.

आधुनिक काळात बंधनांचे रूप पालटले. शाळा व कार्यालये यांच्या वेशविषयक नियमांत नैसर्गिक आफ्रो केस, वेण्या किंवा जटा 'नीटनेटक्या नाहीत' असे ठरवले जाई. याविरुद्ध कॅलिफोर्नियाने इ.स. २०१९ मध्ये क्राउन कायदा संमत केला. केसांचा पोत व त्याच्याशी निगडित केशरचना यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. इ.स. २०२२ मध्ये लुईझियानातही अशा स्वरूपाचा कायदा झाला. टियानाचे केस 'सरळ केलेले' की 'नैसर्गिक', हा प्रश्न विचारणाऱ्या अनेकांच्या मनात हीच पार्श्वभूमी असते. ज्या काळात आपले केस आहेत तसे ठेवून नोकरी मिळवणे अवघड होते, त्या काळात या वेट्रेसने काय केले असते, असा तो प्रश्न आहे.

इ.स. २०१८ मधील वाद

'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट' या संगणकीय ॲनिमेशनपटात डिझ्नीच्या राजकन्या एकत्र आलेल्या दाखवल्या आहेत. त्याची पहिली दृश्ये प्रसिद्ध झाल्यावर टियानाची त्वचा अधिक उजळ, नाक अधिक निमुळते व केसांची वळी अधिक सैल झाल्याचे प्रेक्षकांच्या लक्षात आले. मूळ चित्रपटातील रूपाशी ते विसंगत असल्याची टीका झाली. त्यानंतर स्टुडिओने अनिका नोनी रोझ व 'कलर ऑफ चेंज' या नागरी हक्क संघटनेशी चर्चा केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सुधारित रूप समोर आले. त्यात त्वचा गडद, चेहरेपट्टी मूळच्या जवळ जाणारी आणि केस अधिक भरदार व कुरळे करण्यात आले. गडद वर्णाच्या मुलींना पडद्यावर आपले प्रतिबिंब दिसणे महत्त्वाचे आहे, अशी भूमिका रोझ यांनी मांडली होती. चित्रपट नोव्हेंबर २०१८ मध्ये सुधारित रूपासह प्रदर्शित झाला.

चाहत्यांच्या तर्कांच्या दृष्टीने ही घटना निर्णायक ठरली नाही, परंतु तिने चर्चेची दिशा बदलली. हाताने काढलेल्या चित्रातील संदिग्धता संगणकीय प्रतिमेत टिकत नाही. तेथे केसांची जाडी, वळ्यांचा व्यास व चकाकी यांची निवड करावीच लागते. ही निवड केल्यावर टियानाचे केस कुरळे आहेत, हे पडद्यावर प्रथमच ठसठशीतपणे दिसले. ते कितपत घट्ट वळ्यांचे, हा प्रश्न मात्र खुलाच राहिला. 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' ही तिच्या कथेवरील जलसफर फ्लोरिडातील वॉल्ट डिझ्नी वर्ल्डमध्ये जून २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील डिझ्नीलँडमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली.

ॲनिमेशन तंत्राशी संबंध

केसांचा पोत पडद्यावर उतरवण्यात तंत्राची मर्यादा कितपत आणि इच्छेची कितपत, हा या चर्चेतील एक महत्त्वाचा उपप्रश्न आहे. पिक्सारने 'ब्रेव्ह' (इ.स. २०१२) मधील मेरिडाच्या लाल कुरळ्या केसांसाठी स्वतंत्र संगणकप्रणाली तयार केली होती. त्यासाठी सुमारे १,५०० बटा घडवून त्यांपासून एक लाखाहून अधिक केस निर्माण करण्यात आले. अडचण मोठी असली, तरी तिच्यावर साधने खर्च केल्यास मार्ग निघतो, याचे उदाहरण म्हणून मेरिडाचा दाखला दिला जातो.

येल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ थिओडोर किम यांनी इ.स. २०२० मध्ये लिहिलेल्या एका लेखात असे दाखवून दिले, की संगणकीय चित्रणातील त्वचेच्या व केसांच्या प्रचलित पद्धती प्रामुख्याने गोरी त्वचा व सरळ केस यांना प्रमाण मानून विकसित झाल्या. पुढे किम, ए. एम. डार्क व सहकाऱ्यांनी घट्ट वळ्यांच्या केसांसाठी विशेष भूमितीय पद्धती विकसित करून इ.स. २०२४ मध्ये प्रसिद्ध केल्या. दरम्यान 'हेअर लव्ह' (इ.स. २०१९) हा लेकीचे केस विंचरायला शिकणाऱ्या कृष्णवर्णीय वडिलांवरील ऑस्करविजेता लघुपट आणि एकाच कुटुंबात विविध पोतांचे केस दाखवणारा 'एन्कँटो' (इ.स. २०२१) यांतून केसांच्या चित्रणातील वैविध्य वाढले.

मूल्यमापन

काल्पनिक व्यक्तिरेखेला 'नैसर्गिक' केस असतात का, असा मूलभूत आक्षेप या तर्कांवर घेता येतो. टियानाच्या केसांना केशकूप नाही, तिच्या वाट्याला आहे ती केवळ रेषा. त्या रेषेमागे वेगळे काही दडलेले असून ते शोधून काढता येईल, असे मानणे काटेकोर अर्थाने चूक आहे. याला उत्तर म्हणून असे म्हटले जाते, की कथेचा काळ, स्थळ व व्यवसाय निर्मात्यांनीच वास्तवातून निवडले आहेत. म्हणून त्या वास्तवातील एखाद्या तरुणीने केसांचे काय केले असते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर टियानाविषयी फारसे सांगत नसले, तरी त्या काळातील स्त्रियांविषयी पुष्कळ सांगते.

तीनही तर्कांपैकी कोणत्याही एकाला चित्रपटातून निर्विवाद पुष्टी मिळत नाही. पहिला काळाशी, दुसरा शहराशी आणि तिसरा व्यक्तिरेखेच्या स्वभावाशी अधिक सुसंगत आहे. पहिला व तिसरा हे केसांच्या मूळ पोताबाबत एकमत आहेत. ते घट्ट वळ्यांचे होते, असेच दोन्ही मानतात. मतभेद आहे तो फणी तापवली गेली की नाही, एवढ्यापुरताच.

हे देखील पहा

द प्रिन्सेस अँड द फ्रॉग
मॅडम सी. जे. वॉकर
टिन्यॉन
क्राउन कायदा
लिआ चेस
हेअर लव्ह